पेस्ट किती? ओल्या तुरीच्या दाण्याएवढी

मागच्या अंकात लहान लेकरांच्या किडक्या दातांबद्दल लिहिताना शेवटी एक ओळ सहज टाकून दिली होती, ‘पेस्ट जपून वापरा’. त्या ओळीवर आलेली पत्रं टेबलावर पडून आहेत. जपून म्हणजे किती, कोणती, कुणाला, हे मी लिहिलंच नव्हतं. चूक माझीच. म्हणून या वेळचं सगळं पान पेस्टला देते आहे. काही पत्रं लांब होती, ती आखूड केली आहेत.

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला स्ट्रॉबेरीच्या वासाची पेस्ट आणली, तर ती घासत नाही, खातेच. ‘थुंक’ म्हटलं की गिळते आणि तोंड उघडून दाखवते. शेजारच्या वहिनी म्हणतात, पेस्टमध्ये फ्लोराइडचं विष असतं. सासूबाई म्हणतात, राखुंडीनं घास, आमचे दात पाहा. खोक्यावर ‘५०० पीपीएम’ लिहिलं आहे. बंद करू का?
*– एक आई, ता. केळापूर*

बंद नका करू ताई. फ्लोराइड दाताला किडीपासून राखतं. पण ट्यूब मुलीच्या हातातून काढून तुमच्या हातात घ्या. अडीच वर्षांच्या लेकराला थुंकता येत नाही, त्यात तिचा काही वांडपणा नाही. ते जमायला तिसरं-चौथं वर्ष उजाडतं. तोवर ब्रशवर जे लागेल त्यातलं बरंचसं पोटात जाणार हे धरूनच चालायचं आणि लावायचंच इतकं थोडं की गेलं तरी हरकत नाही.

इतकं थोडं म्हणजे किती, ते मला एका सोनारानं शिकवलं. आमच्या दवाखान्याला लागून सोन्याचांदीचं दुकान आहे. एका दुपारी पेशंट नव्हते, तर मी ब्रश आणि ट्यूब घेऊन त्यांच्या काट्यावर गेले. टीव्हीवरच्या जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर, शेवटी शेपूट वळवलेली पेस्ट लावली. काटा एक ग्रॅमच्या आसपास थांबला. मग तांदळाच्या दाण्याएवढी लावली, तर ०.१ ग्रॅम. त्यांनी काट्यावरचा पांढरा ठिपका पाहिला आणि म्हणाले, “डॉक्टरीणबाई, याची घडणावळ किती लावू?”

आता हिशोब पाहा. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १००० पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तुमच्या ५०० पीपीएमच्या पेस्टमध्ये त्याच्या निम्मं. तांदळाएवढी पेस्ट दोन वेळा लावली आणि सगळीच्या सगळी गिळली, तरी पोटात गेलं ०.१ मिलिग्रॅम. मोठ्यांची १००० पीपीएमची असती तर ०.२. एक ते तीन वर्षांच्या लेकरानं अन्न, पाणी, पेस्ट सगळं मिळून दिवसाला १.३ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड घेऊ नये, असं मानलं जातं. म्हणजे दाण्याएवढी असेल तर आपण पुष्कळ अलीकडे आहोत. पण हीच पेस्ट जाहिरातीसारखी ब्रशभर, दोन वेळा, मोठ्यांच्या ट्यूबमधली असेल, तर दोन मिलिग्रॅम झाले, म्हणजे पेस्टनंच मर्यादा ओलांडली. तुमच्या शेजारच्या वहिनी चुकल्या त्या ‘विष’ म्हणाल्या म्हणून. ‘जास्त’ म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले असते.

तिसरं वर्ष संपेपर्यंत तांदळाचा दाणा. तीन ते सहा वर्षं, पुस्तकात लिहितात, वाटाण्याएवढी. पण वाटाणा म्हटलं की आपल्या बाया भाजीतला टपोरा फुगलेला वाटाणा डोळ्यांपुढे आणतात. म्हणून मी ओल्या तुरीचा दाणा सांगते. शेंगा सोलताना हातात येतो तो, हिरवा, बेताचा. हा अंदाज आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. पेस्ट ब्रशवर लांब पसरण्याऐवजी केसांत दाबून बसवा, म्हणजे लेकराला वरचेवर चाटता येत नाही.

स्ट्रॉबेरी, बबलगम, आंबा अशा वासांबद्दल माझं मत चांगलं नाही. लेकरू ब्रश तोंडात घेतं, एवढाच त्यांचा फायदा. पण खाऊसारखा वास आला की ते खाऊच समजणार. तुमची ही ट्यूब संपली की साध्या, सौम्य चवीची आणा. आणि ही ट्यूब मोरीच्या कट्ट्यावर ठेवू नका, वर फळीवर ठेवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचे दात चांगले असतील तर त्याचं श्रेय राखुंडीपेक्षा जास्त त्या काळी बिस्किटाचा पुडा घरात नसण्याला आहे. चुलीतली राख खरखरीत असते. दुधाच्या दातावरचं आवरण पातळ असतं, ते राखेनं घासलं जातं आणि किडीपासून राखेचा काही आधार मिळत नाही. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ हेही त्या म्हणतील. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात ताई. तेवढी वर्षं लेकराला त्यांच्यावरच भाकर चावायची असते.

नातू तीन वर्षांचा. त्यानं दुपारी आम्ही झोपलो असताना ट्यूब पिळून खाल्ली. अंगणभर पेस्ट, तोंडाला पेस्ट. एक उलटी झाली, संध्याकाळपर्यंत खेळायला लागला. पुन्हा असं झालं तर काय करावं?
*– एक आजी, ता. वणी*

आजी, खेळायला लागला हे चांगलं झालं. पुन्हा झालं तर आधी तोंड पुसून काढा आणि दूध पाजा. दूध नसेल तर दही. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला पोटातच धरून ठेवतं, अंगात कमी जाऊ देतं. बोट घालून उलटी काढू नका. मीठ-पाणी पाजू नका.

मग ट्यूब पाहा. किती रिकामी झाली, त्यातली किती अंगणात आणि किती पोटात, याचा अंदाज घ्या. अंगाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं तर दवाखाना गाठायलाच हवा, असा नियम आहे. बारा किलोच्या लेकराला तो आकडा साठ मिलिग्रॅम येतो. मोठ्यांच्या १००० पीपीएमच्या पेस्टचे साठ ग्रॅम, म्हणजे मोठ्या ट्यूबचा अर्ध्याहून जास्त भाग. चमचाभर खाल्ल्यानं मळमळ होते, पोट दुखतं, लाळ गळते, बहुधा तेवढंच. पण अंदाज येत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा लेकरू मलूल झालं असेल, तर घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा आणि ट्यूब सोबत न्या. डॉक्टरला तुमच्या सांगण्यापेक्षा खोक्यावरचा आकडा जास्त कामी येतो.

माझ्या जिल्हा परिषद शाळेत बऱ्याच मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आहेत, काहींचे तपकिरी झाले आहेत. पालकसभेत एकानं सांगितलं की हे पेस्टमधल्या फ्लोराइडनं होतं. तेव्हापासून अर्ध्या घरांत पेस्ट बंद. मुलं आता नुसत्या बोटानं घासतात. मी काय सांगू?
*– एक शिक्षक, ता. झरी-जामणी*

सर, तुमच्या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहून फाडलं. कारण त्यात माझी एक जुनी चूक येते.

दवाखाना टाकून दुसरं वर्ष होतं. खेड्यावरून एक आई दहा-अकरा वर्षांच्या पोराला घेऊन आली. वरचे चार दात तपकिरी. मी तोंडात आरसा घातला, वरवर पाहिलं आणि पोरालाच झापलं, “काहून घासत नाहीस रे रोज?” आई म्हणाली, “घासते जी तो, दोन टाइम घासते.” मी ऐकलं नाही. पोरगा खाली मान घालून बसला. सहा महिन्यांनी त्याची आई लहान बहिणीला घेऊन आली. तिचे तेच चार दात, तसेच. तेव्हा कुठे मी विचारलं, “पाणी कुठलं पिता?” बोअरचं. गावात दुसरं नव्हतंच. पोरगा तेवढ्या काळात मीठ आणि कोळसा एकत्र करून घासत होता, डाग जावेत म्हणून. हिरड्या सोलून निघाल्या होत्या. नागपूरला शिकताना हा आजार मी परीक्षेत पानभर लिहिला होता. समोर बसला तर ओळखला नाही.

तुमच्या मुलांचं जे वर्णन तुम्ही लिहिलंय, ते दातांच्या फ्लोरोसिसशी, म्हणजे दात घडताना फ्लोराइड जास्त पोटात गेल्यानं पडणाऱ्या डागांशी, जुळतं. आणि तुमच्या तालुक्यात पहिला संशय पाण्यावर घ्यायचा, पेस्टवर नाही. यवतमाळ जिल्ह्यातला पांढरकवडा-झरीचा पट्टा आणि चंद्रपूरकडचा वरोऱ्याचा भाग भूजलातल्या फ्लोराइडसाठी ओळखला जातो. काही खडकांत फ्लोराइडची खनिजं असतात. पाणी खोल खडकात वर्षानुवर्षं मुरत राहतं तसं ते पाण्यात उतरतं. म्हणून बरेचदा उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरला ते जास्त सापडतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. समजा एखाद्या बोअरला ३ निघालं. लेकरू दिवसाला एक लिटर पाणी प्यालं तर तीन मिलिग्रॅम पोटात. वरण त्याच पाण्याचं, चहा त्याच पाण्याचा. वरच्या ताईंच्या मुलीचं दाण्याएवढ्या पेस्टचं ०.१ याच्या शेजारी मांडा आणि पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवा.

चहाचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे दोन वर्षांच्या पोराला बशीत चहा आणि टोस्ट देतात. चहाच्या पानात मुळातच फ्लोराइड साठतं. फ्लोराइडवाल्या पाण्यात तो उकळला की दोन्हीकडून भर. वर साखर, म्हणजे दाताला कीडही. काळं मीठ, सैंधव आणि सुपारीतूनही फ्लोराइड जातं. अशा गावात लेकराला सुपारीचा तुकडा हातावर ठेवू नये. कुठल्याच गावात ठेवू नये म्हणा.

दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हाच फ्लोराइड त्याला डाग पाडतं. पुढच्या पक्क्या दातांसाठी पहिली तीन-चार वर्षं सगळ्यात नाजूक, आणि साधारण आठ वर्षांपर्यंत जपायचं. दात एकदा वर आला की पाणी कितीही वाईट असलं तरी त्याला फ्लोरोसिस होत नाही. म्हणून लग्न होऊन त्या गावात आलेल्या सुनेचे दात पांढरे आणि तिच्या पोटच्या लेकरांचे डागाळलेले, असं दिसतं. मग सासरचे सुनेला बोलतात की लेकरांकडे लक्ष देत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कीड आणि फ्लोरोसिस वेगळे ओळखायला अवघड नाहीत. तुम्ही वर्गातही करू शकता. मुलाला खिडकीशी उभं करा, दात कापसानं कोरडा करा. फ्लोरोसिसचे पट्टे आडवे असतात, डाव्या दातावर जसे तसेच उजव्यावर, आणि भावंडांच्या तोंडातही तेच. कीड एखाद्या दातावर, दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत बसते, खड्डा पडतो, त्यात घास अडकतो, गोड खाल्लं की ठणकतं. एकाच तोंडात दोन्ही असू शकतात.

पाणी तपासून घ्या. गावागावांत पाणी तपासायचे किट दिलेले आहेत आणि जल जीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच बायांना ते वापरायचं शिकवायचं ठरलं होतं. तुमच्या गावात त्या कोण, ग्रामपंचायतीत विचारा. किटवर रंग संशयाचा आला तर बाटली पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवा, आकडा कागदावर घ्या. कागद हातात असला की ग्रामसभेत बोलायला जोर येतो.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडते, फ्लोराइड भांड्यात राहतं आणि आधीपेक्षा दाट होतं. हे सांगायला लागतं, कारण आमच्याकडे प्रत्येक आजारावर पहिला उपाय ‘उकळून पाज’ हाच असतो. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनंही जात नाही. आरओनं जातं. तुरटी आणि चुना घालून, ढवळून, निवळून काढायची पद्धत आहे, ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच बसवली. नाव मात्र तेलंगणातल्या नलगोंडाचं पडलं. पण ती मापानं करायची असते. घरच्या घरी तुरटीचा खडा अंदाजे फिरवून ते होत नाही. गावात जुनी उथळ विहीर असेल तर तिचं पाणी आधी तपासा. पुष्कळदा तिथंच सोय निघते. निदान लहान लेकरांचं आणि गरोदर बायांचं पिण्याचं-रांधण्याचं पाणी तरी वेगळं काढा. दूध, शेवग्याचा पाला, आवळा, चिंच असं कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाचं खाणं लेकरांच्या ताटात राहू द्या.

आणि पेस्ट? पाणी १.५ च्या वर निघालं तर सहा वर्षांखालच्यांना मी तांदळाच्या दाण्याएवढी ५०० पीपीएमची देते किंवा बिनफ्लोराइडची. ५०० ची किडीपासून राखण १००० एवढी करत नाही, हे पालकांना सांगूनच देते. तिथं मी डागाचा धोका आणि किडीचा धोका यांच्यात तोललेलं असतं. सहाच्या वरच्यांना, ज्यांना नीट थुंकता येतं, त्यांना साधी १००० पीपीएमची, तुरीच्या दाण्याएवढी. तुमच्या तिसरी-चौथीच्या पोरांना बोटानं घासायला लावणं म्हणजे डागाच्या भीतीनं कीड घरात घेणं. त्यांचे पुढचे दात कधीच घडून वर आलेत. ब्रश परत चालू करा सर, उद्यापासून.

डागांवर उपाय आहेत, पण ते मोठं झाल्यावर आणि दवाखान्यात. कोळसा, मीठ, लिंबू, खाण्याचा सोडा यांनी आवरण जातं, डाग राहतात.

त्या पोराला मी नंतर पाहिलं. दुकान आहे त्याचं. हसताना अजून हात तोंडावर नेतो.

ट्यूबच्या शेपटीवर हिरवा पट्टा असेल तर नैसर्गिक, काळा असेल तर केमिकल, हे खरं आहे का?
*– एक युवक, दारव्हा*

नाही. ट्यूब कुठं कापायची आणि दाबायची हे कारखान्यातल्या यंत्राच्या डोळ्याला कळावं म्हणून ती खूण असते. पुढचा मेसेज आला की हे उत्तर पाठवा.

पुण्याच्या जाऊबाईंनी माझ्या पाच वर्षांच्या मुलासाठी पेस्ट पाठवली. ट्यूब ३५० रुपयांची. त्यावर ‘केमिकल फ्री, फ्लोराइड फ्री, एसएलएस फ्री’ लिहिलंय. त्या म्हणतात, गावच्या दुकानातली पेस्ट साबणच असते. आमच्याकडे कापसाचे पैसे यायचे आहेत. दर महिन्याला एवढी पेस्ट परवडणार नाही. मी मुलाचं नुकसान करते आहे का?
*– एक आई, ता. घाटंजी*

नाही, अजिबात नाही. तुमची वीस-तीस रुपयांची पेस्ट मुलाच्या दातांसाठी या पेस्टपेक्षा बरी असण्याचीच शक्यता जास्त आहे, तुमच्या पाण्यात फ्लोराइड नसेल तर.

‘केमिकल फ्री’ या शब्दावर माझा राग आहे. पाणी केमिकलच आहे. आपल्या बोअरमधलं फ्लोराइड तर शंभर टक्के नैसर्गिक, कुठल्या कारखान्यानं घातलेलं नाही, आणि त्यानं काय होतं ते वर लिहिलं.

दुकानातली पेस्ट घ्या आणि खोक्याच्या मागचं बारीक अक्षर मोबाइलच्या टॉर्चनं वाचा. सगळ्यात जास्त असतं कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. एक खडूच, दुसरी वाळूच्या जातीची, पण मैद्यापेक्षा मऊ दळलेली. घासायचं काम त्यांचं. सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीन पेस्ट वाळू देत नाहीत. गोडी सॉर्बिटॉलची आणि सॅकरिनची, त्यानं दात किडत नाहीत. कडू लागू नये म्हणूनच ती. फ्लोराइडचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं दिसेल. खडूच्या पेस्टमध्ये बहुतेक सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट असतं, कारण साधं सोडियम फ्लोराइड खडूतल्या कॅल्शियमला चिकटून निकामी होतं. ते सिलिकाच्या पेस्टमध्ये चालतं. हे वाचायला आलं की कोण स्वस्तात नीट बनवतंय ते थोडं कळायला लागतं.

एसएलएस म्हणजे फेस. जाऊबाई म्हणतात तसं साबण-शाम्पूतही तेच असतं, हे खरं. पेस्टमध्ये ते थोडं असतं आणि थुंकलं जातं. दातांना त्याचा ना फायदा ना तोटा. ज्यांना वरचेवर तोंड येतं, त्यांना बिनफेसाच्या पेस्टनं कधी कधी बरं वाटतं, एवढाच त्याचा हिशोब. तुमच्या मुलाचं तोंड येत नसेल तर त्यापायी पैसे घालवू नका. पण फेस जास्त म्हणजे स्वच्छ जास्त, ही समजूतही काढून टाका. फेस भरला की लेकरू लवकर थुंकतं आणि घासणं अर्ध्यावर राहतं.

टायटॅनियम डायऑक्साइड हे नाव दिसलं तर ते पांढऱ्या रंगासाठी असतं. युरोपात २०२२ पासून खाण्याच्या पदार्थांत त्याला बंदी आहे. पेस्ट आपण खायची नसते, म्हणून मी घाबरत नाही. पण गिळणाऱ्या लेकरासाठी दोन ट्यूब समोर असतील तर त्यातली बिनरंगाची उचलते. तेवढी निवड फुकटात होते. ट्रायक्लोसान (जंतू मारायचं रसायन) लिहिलेलं असलं तर ती लेकराला घेऊ नका, त्याची लेकराच्या पेस्टमध्ये गरज नाही. कोळशाच्या काळ्या पेस्टही नको, त्यात खरखर जास्त. लवंगेचा किंवा पुदिन्याचा जोर असलेली पेस्ट पाच वर्षांच्या जिभेला भाजते, मग तो ‘तिखट आहे’ म्हणून पळतो. तो खोटं बोलत नसतो.

जाऊबाईंच्या ट्यूबवर झायलिटॉल (दात न किडवणारी एक गोडी) लिहिलं असेल तर ते चांगलं आहे, फक्त ट्यूब कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. माणसाला चालतं, कुत्र्याला ते विषासारखं लागतं. आमच्या गल्लीत कुत्रे मोरीशीच झोपतात, म्हणून लिहिलं.

आपल्या कायद्यात पेस्टमधल्या फ्लोराइडची वरची मर्यादा १००० पीपीएम आहे, आणि फ्लोराइड असलेल्या पेस्टच्या ट्यूबवर आणि खोक्यावर तो आकडा आणि वापरायची शेवटची तारीख छापावी लागते. खोक्यावर ‘आयुर्वेदिक’ लिहिलं म्हणून फ्लोराइड नाही, असं धरू नका आणि आहे असंही धरू नका. वाचा.

पुण्याची ट्यूब फेकू नका. पाहुणे आले की बाहेर काढा. जाऊबाईंना बरं वाटेल.

आम्ही जन्मभर नस घासली, दात अजून जागेवर आहेत. आता सून नातवाच्या दुखत्या दाढेला नस लावू देत नाही. लावली की ठणका थांबते. यात काय वाईट?
*– एक आजोबा, ता. मूल*

ठणका थांबते, कारण नस म्हणजे तंबाखू आणि तंबाखूनं जागा बधिर होते. कीड आत चालूच राहते, फक्त ओरडत नाही. सहा-सात वर्षांच्या लेकराच्या हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं. त्याला घेरी येईल, उलटी होईल, आणि दोन-चारदा लावली की दाढ दुखत नसतानाही तो तुमची डबी शोधेल. तुम्हाला कुणी अशीच लावली होती का लहानपणी, आठवून पाहा. मला वाटतं लावली असेल.

पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. पण नस आणि गुडाखू (तंबाखू-गुळाचं घासायचं मिश्रण) आपल्याकडे टपरीवर मिळतात आणि बाया तर घरातल्या घरात घासतात. कुणी त्याला व्यसन म्हणत नाही, घासणं म्हणतात.

सुनेचं बरोबर आहे आजोबा. नातवाला दाताच्या डॉक्टरकडे न्या. आणि येताना तुमचंही तोंड दाखवा. पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काही असेल तर या आठवड्यात. तिखट लागल्यावर आग होते का, तेही पाहा. दात जागेवर असण्याचा आणि गाल चांगला असण्याचा संबंध नसतो.

आठवडी बाजारात दहा रुपयाला दोन ट्यूब मिळतात. नाव ओळखीच्या कंपनीसारखंच आहे, एक अक्षर वेगळं. घ्यावी का?
*– एक गृहिणी, ता. मारेगाव*

ते एक अक्षरच सगळं सांगतंय. ट्यूबच्या दाबलेल्या शेपटीवर बोट फिरवा, तिथं बॅच आणि तारीख ठसवलेली असते. तारीख नाही, उत्पादन परवान्याचा नंबर नाही, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नाही, तर ती पेस्ट नाही, ट्यूबमध्ये भरलेलं काहीतरी आहे. २००७ मध्ये पनामात अशाच स्वस्त पेस्टमध्ये ग्लिसरीनच्या जागी डायथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं. चवीला गोडच लागतं, म्हणून खाणाऱ्याला कळत नाही.

पैसे नसतील तेव्हा आठवडाभर नुसत्या ओल्या ब्रशनं घासा, दोन मिनिटं, रात्री झोपताना नक्की. मग किराणा दुकानातून ओळखीच्या कंपनीची सगळ्यात लहान ट्यूब आणा. तुरीच्या दाण्याएवढी लावलीत तर लहान ट्यूबही पुढच्या महिन्यात पुरते. घेतलेल्या दोन ट्यूब घरात असतील तर लेकरांना देऊ नका. पितळेच्या समईला लावून पाहा, ती बहुतेक चकचकीत निघेल.